हजेरी एकाहत्तर टक्के

नियम तुम्ही विद्यापीठाच्या समितीने केलात, आणि तुमच्यातल्या एकानेही कधी प्रयोगशाळेत पाय ठेवला नव्हता. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की विद्यार्थ्याचा नमुना नष्ट करायचा. हेमांगी तांडेलची एकाहत्तर भरली.

उपयोजित जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाला नमुना म्हणून एक अवयव वाढवावा लागतो. बाकीच्यांनी स्वतःच्या पेशी घेतल्या. हेमांगीने आईच्या घेतल्या, कारण आईचं यकृत निकामी होत चाललं होतं. बुडालेले सगळे तास तिने आईच्या उशाशी काढले होते.

"मामा, शुक्रवारी आईचं ऑपरेशन आहे, हेच यकृत बसवायचंय. चार दिवस थांबा ना."

प्रयोगशाळेतले दळवीमामा नमुने वाफेने नष्ट करायचा ऑटोक्लेव्ह तापवून उभे होते. "पोरी, बाईंनी तुझ्या यकृताला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिलेत. वर्गात असं कुणाचंच नाही. पण यादी वरून आलीय, मी काय करू?"

"मग आधी मला घाला त्यात."

"मावशील का त्यात, येडे?"

हेमांगी यकृत वाढत असलेल्या इन्क्युबेटरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. मामांनी यादी खिशात घातली आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.

ती अजून तिथेच बसली आहे. आत यकृत जिवंत आहे, दवाखान्यात आई जिवंत आहे. चार टक्क्यांसाठी यातलं नेमकं काय नष्ट करायचंय, ते आम्हा प्रयोगशाळेतल्यांना लेखी कळवा.