खरी व्हायोलिनं

“ही व्हायोलिनं नाहीत,” कानसेन म्हणाला आणि त्याने हेडफोन मानेवर ओढला.

समोरच्या बाई पर्स मांडीवर घट्ट धरून स्पीकरकडे बघत राहिल्या.

त्याचं खरं नाव रेकॉर्ड कंपनीत कुणी घेत नसे. जुन्या रॉक बँडच्या रेकॉर्डी नव्याने काढायच्या असल्या की कोणता आवाज कोणत्या वाद्याचा, हे ठरवायचं काम त्याचं. आयुष्य त्यात गेलं होतं. आता कान विटले होते. घरी बायकोने टीव्ही लावला की तो दुसऱ्या खोलीत जाऊन नुसता बसायचा. त्यात अशी माणसं यायची. कुणाचा काका, कुणाचे वडील, कुणाचा नवरा अमुक गाण्यात वाजवत होता म्हणे. बहुतेक वेळा नसायचाच. मग ते पडलेले चेहरे जिन्यापर्यंत पोचवणं, हेही त्याच्याच गळ्यात.

आज मात्र बातमी चांगली होती: या बाईंचा नवरा या गाण्यात कीबोर्ड वाजवत होता म्हणे, आणि कीबोर्ड तर होताच. म्हणून त्याने नेहमीपेक्षा जरा उलगडून सांगितलं.

“हा टेपवर चालणारा कीबोर्ड आहे, ताई. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा. त्यावर आधीच कुणीतरी वाजवून ठेवलेला व्हायोलिनचा एक सूर. पट्टी दाबली की टेप सरकते आणि सात-आठ सेकंदांत संपते. पुन्हा सूर हवा तर बोट उचलायचं, टेप मागे जाऊ द्यायची, पुन्हा दाबायचं. खऱ्या व्हायोलिनवाल्याला कशाला हा उपद्व्याप?”

“पण कव्हरवर ऑर्केस्ट्रा छापलंय.”

“छापायचे तेव्हा. मशीन म्हटलं की लोक नाक मुरडायचे.”

“तुमची खात्री आहे?”

हा प्रश्न तो रोजच ऐकायचा. त्याने सुस्कारा टाकून गाणं मागे नेलं.

“ऐका. सगळी बोटं एकदम उचलली तर आवाजात खड्डा पडेल. म्हणून हा पठ्ठ्या एकेकच बोट उचलतो. एक सूर सोडतो, तोवर बाकीचे धरून ठेवतो. सबंध गाणं असं सावरायचं म्हणजे खायचं काम नाही. एकेका ओळीला रात्र गेली असेल. आता खालचा सूर ऐका. दर वेळी किंचित उशिरा येतोय, बघा. डाव्या हाताची करंगळी मागे पडतेय त्याची.”

बाईंनी डोळे मिटले.

“दारात चेमटली होती,” त्या म्हणाल्या. “लहानपणी. पुरती वाकायचीच नाही ती. चहाचा कप धरला तरी बाहेर राहायची. मी चिडवायचे, काय हा रुबाब म्हणून.”

“मग झालंच की!” कानसेनला बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं. “तुमचे यजमानच आहेत हे. नव्या रेकॉर्डवर त्यांचं नाव घालायला मी स्वतः सांगतो.”

बाई हसल्या नाहीत.

“खरी व्हायोलिनं असती तर बरं झालं असतं हो,” त्या म्हणाल्या.

त्याला काही उमजेना. त्याने गाणं थांबवलं.

“तो रात्र रात्र घरी यायचा नाही. विचारलं की म्हणायचा, स्टुडिओत होतो, व्हायोलिनचे सूर बसवतोय, मशीन सारखं अडकतं. मग रेकॉर्ड आली. त्यावर ऑर्केस्ट्रा. मी म्हटलं, त्यांनी वाजवलं, मग तू तिथे काय करत होतास? तो कंपनीला शिव्या घालत राहिला. मला वाटलं, पकडला गेलाय म्हणून आरडाओरडा. पोरीला कडेवर घेतलं आणि निघाले. तुझा बाप एक नंबरचा खोटारडा, हे सांगत सांगत तिला वाढवलं. भेटायला आला तर दार उघडलं नाही.”

“आता कुठे असतात ते?”

“गेल्या महिन्यात गेला. पोरीला पेपरात वाचून कळलं. तेव्हापासून तिने धोसरा लावलाय, आई, एकदा कुणाला तरी विचारू या.”

“आणि मुलगी?”

“खाली गाडी लावतेय. येईलच.”

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. कानसेनने डोळे चोळले. इतक्या वर्षांत, ओळखू आलेला आवाज ओळखू आला नाही असं तो कधी म्हणाला नव्हता. पण भांडायची ताकद आता त्याच्यात नव्हती, खऱ्यासाठीसुद्धा.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “नक्की सांगता येत नाही, असं मी मुलीला म्हणू शकतो. मला कोण जाब विचारतंय?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. म्हणा.

मुलगी धापा टाकत आत आली. चाळिशीची, हातात गाडीची किल्ली. ती बसलीही नाही.

“काय निघालं?”

“जुनं रेकॉर्डिंग आहे,” कानसेनने सुरुवात केली. “अशात काय होतं, की नक्की काही...”

मुलीचा चेहरा उतरला. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे, आई. तूच बरोबर होतीस.”

बाईंनी तो हात धरला. धरून शेजारच्या खुर्चीकडे ओढला.

“बस इथे,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा वाजवतायत.”