फोटो काढल्याची तारीख

“एडिटवर नको भाभी, व्ह्यूवर जा,” अल्ताफ म्हणाला.

नसरीनने बाण सरकवला. व्ह्यूची यादी खाली उघडली, तशी ती स्वतःशीच हसली. सुरुवातीला ती माऊसला हात लावायलाही घाबरायची. आता फाईलमध्ये जाऊन नवा फोल्डर करायची, रिनेम करून फोटोला महिन्याचं नाव द्यायची, चुकलं तर एडिटमधून अनडू करून मोकळी व्हायची.

फोटो तिच्या नवऱ्याचे. रफीक शारजाला बांधकामावर होता. लग्नानंतर चार महिन्यांत गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. तो आणि अल्ताफ भोरला एकाच वर्गात शिकलेले. गेलं सव्वा वर्ष महिन्याला एक फोटो अल्ताफच्या सायबर कॅफेच्या मेलवर यायचा. रफीकला टाईप करता येत नसे, म्हणून खोलीतला दोस्त पाठवायचा. बाजारच्या दिवशी सासू-सून कापूरहोळहून एसटीने यायच्या आणि फोटो डोळे भरून बघून जायच्या.

“सगळे पुढंमागं झालेत भाऊ. तारखेनं लागतील का?”

“लागतील की. अरेंज आयकॉन्स, त्यात मॉडिफाईड.”

तिने तसं केलं. फोटो भराभर जागा बदलून बसले.

“पण ही तर तुमी उतरवून घेतल्याची तारीख. त्यांनी काढल्याची नसती का?”

“असते. ती वेगळी मागवावी लागते. थांबा, दाखवतो.”

तेवढ्यात लाईट गेली. भोरला तेव्हा लाईट जाण्याचं नवल असं नव्हतंच. नसरीन उठली. “तवर भाजी घेऊन येते. अम्मी, तुमी बसा हितंच.”

तिच्या सासूबाई अजीजुन्निसा दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांना बेजार केलं होतं. डबा, औषध, अंघोळीचं पाणी, सगळं नसरीन वरव्याच्या कारखान्यात जायच्या आधी उरकून जायची. नसरीनचा भाऊ साताऱ्याहून दोनदा येऊन गेला होता. नवरा येत नाही, बोलावत नाही, किती दिवस वाट बघशील, चल माझ्याबरोबर, म्हणाला होता. ती गेली नव्हती.

“फोन आला होता का खाला?” अल्ताफने विचारलं.

“आला की. परवा दुपारी. ही कामावर गेली अन् आला बघ.”

“भाभीशी बोलणं होत नाही मग.”

“त्याला तवाच सुट्टी आसती. काय करनार! पुढल्या ईदला येतो म्हनला.”

अल्ताफला वाईट वाटलं. बाई चोवीस वर्षांची. तिच्या वाट्याला नवरा म्हणजे महिन्याला एक फोटो. मागे एकदा ती म्हणाली होती, यांचे केस कधी वाढलेले दिसत नाहीत. त्यावर खाला लगेच म्हणाल्या होत्या, तिकडं साहेब लोक केस वाढवू देत नाहीत. तेव्हा तिघंही हसले होते.

लाईट आली. अल्ताफने फोल्डर उघडला. व्ह्यू, डिटेल्स. पुन्हा व्ह्यू, चूज डिटेल्स. फोटो काढल्याच्या तारखेपुढे टिक केली आणि ओके म्हटलं.

त्याला आधी वाटलं, मशीन चुकलं. त्याने टिक काढली, परत केली. निळ्या शर्टातला फोटो, जाकीट घातलेला, खजुराच्या झाडाखालचा, पुलावरचा. सगळ्यांपुढे एकच तारीख. दीड वर्षापूर्वीच्या ईदची. वेळ तेवढी वेगळी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

एका दिवसात शर्ट बदलून बदलून फोटो काढायचे आणि मग दर महिन्याला एकेक तोंडावर फेकायचा. कशासाठी? तिकडे दुसरी कुणीतरी आहे, म्हणूनच. शाळेत ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो, तो असा निघाला. अल्ताफला त्याची शिसारी आली.

नसरीन आता येईल आणि पहिलं हेच विचारेल. त्याने स्टूल जवळ ओढून खालांना बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवून सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारी कोसळेल.

त्या कोसळल्या नाहीत. चष्मा पुसून पडद्याजवळ वाकल्या.

“हे नसरीनला दिसंल?”

“आता तिला मेनू येतात. आज ना उद्या दिसेलच.”

“मग काढून टाक ते. अन् तिला शिकवायचं बंद कर.”

आईच ती, मुलाची लाज झाकणारच, असं वाटून अल्ताफ भडकला. “खाला, तो तिकडं संसार थाटून बसलाय आणि ही पोरगी इथं वाळून चाललीय. मी नाही झाकणार. आली की सांगतो, जा भावाकडं.”

“हळू बोल.” त्यांनी दाराकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे नसरीन पिशवी घेऊन टेम्पो जायची वाट बघत उभी होती. “संसार कुठला थाटतोय रे तो. त्या ईदनंतर आठवड्यात परांचीवरनं पडला. तिकडंच दफन केला. फोन मलाच आला हुता.”

अल्ताफने पडद्यावरच्या तारखेकडे परत पाहिलं.

“तिला कळलं तर भाऊ घेऊन जाईल, दुसरा निकाह लावंल. मग मला कोन हाय?” अजीजुन्निसांनी पदराने तोंड पुसलं. “त्याच्या दोस्ताकडं त्या दिवसाचे अजून लई फोटो हायेत. महिन्याला एकच धाड, म्हनलंय म्या. तेवढ्यात माझं आयुष्य निघंल.”