दवण्याचा वास

नवऱ्याच्या शर्टाला आजही जळक्या दवण्याचा वास येत होता. कुमुदनं तो दोनदा हुंगला आणि शर्ट बादलीत आदळला. सुया टोचणारी ती डॉक्टरीण कसलासा पाला पेटवून पाठीला धग देते म्हणे. रोज संध्याकाळी तेल लावून कंबर चोळायची कुमुदनं, आणि यानं पालथं पडून म्हणायचं, "डॉक्टरांचा हात काय हलका आहे!"

पुढच्या खेपेला ती हट्टानं बरोबर गेली. दारात चपला काढून सगळ्यांसारख्याच दवाखान्यातल्या पांढऱ्या स्लीपर घातल्या. पडद्याआडून नवऱ्याचं हसणं ऐकू येत होतं. घरी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि इथे बघा! सुया लावून डॉक्टरीण फोन घ्यायला बाहेर गेली, तशी कुमुद तरातरा आत शिरली.

तो पालथा पडला होता, तोंड टेबलाला त्यासाठीच ठेवलेल्या भोकात. खाली त्याला फक्त पांढऱ्या स्लीपर दिसल्या.

"आलात का डॉक्टर?" तो हळूच म्हणाला. "कंबर कधीच बरी झालीय. पण बायकोला सांगू नका हं. बरी झाली म्हटलं की तिचं तेल लावणं थांबेल. त्यापेक्षा तुमच्या सुया परवडल्या."

कुमुद पाय न वाजवता बाहेर आली.

घरी परतताना तिनं विचारलं, "काही फरक?"

"छे! ठणकतेय नुसती."

"बरं, तेल गरम करते. पण माझा हात पाठीवर असताना दुसऱ्या हाताचं नाव काढायचं नाही!"