लख्ख बादली

मॅडमच्या स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली कायम लख्ख असायची. उरलेलं अन्न त्या टाकतच नसत. फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि वास यायला लागला की डब्यात भरून भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातात द्यायच्या. "न्या हो मुलांना. मला बाई अन्न टाकवत नाही."

मावशींनी एकदाच तो बुळबुळीत भात खाली बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकला होता. वॉचमनने चुगली केली आणि मॅडम आठवडाभर तोंड फुगवून बसल्या. तेव्हापासून मावशी डबा निमूटपणे वस्तीत न्यायच्या आणि तिथल्या कचराकुंडीत पालथा करायच्या. वस्तीतल्या बाकीच्या बायकांचंही तेच. सगळ्यांच्याच मॅडम दयाळू!

मग कोण किती अन्न फेकतं ते पाहायला नगरपालिकेची माणसं आली. नाकाला रुमाल बांधून त्यांनी बिल्डिंगचा कचरा उपसला, वस्तीचाही उपसला, दोन्हींचं वजन केलं. थोड्याच दिवसांत बिल्डिंगच्या फाटकावर चकचकीत पाटी लागली, 'अन्न वाया न घालवणारी सोसायटी'. वस्तीच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहून गेले, 'अन्नाची नासाडी थांबवा'.

त्या संध्याकाळी भांडी आटोपून मावशींनी सवयीने डब्यासाठी हात पुढे केला. मॅडमनी डबा दिला नाही. त्यांनी डब्यातला आंबलेला भात ताटलीत वाढला, मायेने स्टूल पुढे सरकवलं.



"बसा मावशी. आजपासून इथंच, माझ्यासमोर खाऊन जायचं. घरी नेऊन फेकता तुम्ही लोक."