दुकानातली माफी

"मापाची टेप माझ्याच स्कूटरच्या डिकीत सापडली. माझं चुकलं," पप्पा जेवताना म्हणाले. तबिताने ताटातून मान वर केली नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात, तिन्ही कारागिरांदेखत, त्यांनी तिला टेपचोर म्हटलं होतं. तेव्हापासून ती मापं घ्यायला तिकडे फिरकली नव्हती.

आज चर्चमध्ये पुरुषांची सभा होती. पाळकसाहेबांनी काहीतरी सांगितलं असणार, नाहीतर पप्पा कसले माफी मागतात? उद्या विसरतील.

"इथे आईशिवाय कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "दुकानात म्हणाल?"

पप्पांनी आमटीचं भांडं पुढे ओढलं. तिला वाटलंच होतं.

सकाळी शाळेआधी त्यांनी तिला दुकानात नेलं, तरी तिचा विश्वास बसेना. त्यांनी करवतीचं मशीन बंद केलं. "कुणाला तरी कामावरून काढतात वाटतं," एक कारागीर पुटपुटला.

"टेप मीच हरवली होती. पोरीवर उगाच आळ घेतला," पप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "सभेत आमेन म्हणणं सोपं असतं रे."

तबिताने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग हात पुढे केला. "द्या इकडे टेप. त्या दाराचं माप राहिलंय ना?"