दुरुस्त केलेली सहल

"‘सहलिचा’ काय, ‘सहलिचा’! ‘ली’ दीर्घ!" मुद्रितशोधकाने बायकोच्या कागदावर लाल पेनाचा फराटा ओढला. "बारा वर्षं झाली लग्नाला. प्रूफं तपासून पोट भरणाऱ्याच्या बायकोला साधा ‘सहलीचा बेत’ लिहिता येऊ नये?"

"म्हणून तर तुमच्याकडे दिलाय," बायको म्हणाली. "एवढा कागद तपासून द्या."

"आणि वसंतात वाळवंट? कुणा उंटाचं लग्न आहे का तिथे?"

"पुढे उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो. आत्ता हवा बरी असते. आणि मला हॉस्पिटलातून रजाही आत्ताच मिळतेय."

बायको एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन याचं ऐकायची. याचा राग कायम नाकावर. छापखान्यात दहा जणांच्या नजरेतून निसटलेली चूक हा पकडायचा, म्हणून मालक त्याला मानायचा. ते ठीक आहे. पण हा गृहस्थ लाल पेन खिशाला लावूनच घरी यायचा. वाणसामानाची यादी असो नाहीतर शाळेत द्यायची चिठ्ठी, तपासणार म्हणजे तपासणारच. आणि शिवाय खाली शेरा मारून सही ठोकणार, जणू घर म्हणजे छापखान्याची शाखा.

मुलगी दहा वर्षांची. लहानपणी इतकी बडबडायची की सगळे तिला चिमणीच म्हणायचे. गेल्या वर्षी ती गुडघा फोडून घरी आली. रक्त पार मोज्यापर्यंत. दारातूनच रडत म्हणाली, "बाबा, मला लागली!"

"लागली नाही, लागलं," तो म्हणाला. "नीट म्हण बघू."

पोरीने हुंदके देत नीट म्हटलं. मग त्याने गुडघा बघितला.

तेव्हापासून चिमणीच्या तोंडाला कुलूप. घरात मान हलवायची, नाहीतर बोट दाखवायची. आणि गेल्या आठवड्यात बाईंनी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. चिमणी आता वर्गातही बोलत नव्हती. तोंडी परीक्षेत सगळी उत्तरं येत असून ओठ मिटून उभी राहिली होती.

"तिथे लांबलांबपर्यंत कुणी नसतं," बायको म्हणाली. "हवं ते, हवं तसं ओरडू दे तिला. ती बोलायला हवी. बाकी मला काही नको."

"बोलू दे की! मी काय तोंड दाबून धरलंय तिचं? शुद्ध बोल, एवढंच म्हणतो. बापाने नाही शिकवायचं तर कुणी, उंटाने?"

टेबलाच्या पलीकडे चिमणी वहीत चित्र काढत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि उठून आत गेली.

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ग्लास भिंतीवर भिरकावावासा वाटला. तिने तो सिंकमध्ये ठेवला, नळ सोडला, बंद केला.

"तपासताय ना?" तिने विचारलं.

"तपासतोय. ‘पाणि’! अगं, पाण्याची ‘णी’ तरी दीर्घ लिही. पाचवीतली पोरं बरी."

पुढची वीस मिनिटं त्याने त्या चिटोऱ्याचा कीस काढला. ‘निघु’चं ‘निघू’ केलं, ‘कळवु’चं ‘कळवू’ केलं. ‘परतीचं’ खोडून वर ‘परतीचे’ लिहिलं, कारण लेखी भाषेत असलं बोलीतलं चालत नाही म्हणे. बाटल्यांच्या हिशेबात स्वल्पविराम राहिला होता, तोही बसवला. मग शेरा मारला आणि झोकात सही केली.

"एकदा पुन्हा वाचता का?" बायको म्हणाली. "काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा."

"दोनदा वाचलंय. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. आता खुशाल छापायला पाठव."

"बरं," ती म्हणाली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर स्वारीचाच उत्साह वाढला. त्याने रुंद काठाची टोपी आणली, काळा चष्मा आणला. "माझी बॅग मीच भरणार. तुझ्यावर सोडलं तर मोजे राहतील," त्याने बजावलं. बायको पुन्हा "बरं" म्हणाली.

पंधरा तारखेला सकाळी दारापाशी तीन बॅगा ओळीने उभ्या होत्या. साडेसहाला तो दाढीला बसला. दाढी, आंघोळ, भांग, कुठेही घाई नाही. बाहेरून कुणी हाक मारली नाही, हे त्याला बरंच वाटलं. घराला एकदाची शिस्त लागली होती.

केस विंचरताना खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज आला. कुणाची तरी पोरगी अखंड बडबडत होती. "आई, मी अख्खी बाटली पिली! आई, उंट चावते का गं? मी त्याला माझी चित्र दाखवणार!"

"पिली काय, पिली! प्यायले म्हणावं. उंट चावतो. आणि चित्रं," तो करवादला. "कुणाची कार्टी आहे कोण जाणे. आईबापांचं लक्षच नसतं." त्याने खिडकी धाडकन लावून घेतली. खाली गाडीचं दार लागलं.

टोपी चढवून तो दारापाशी आला. तिथे एकच बॅग उभी होती, त्याची. दारावर आतल्या बाजूने तो कागद चिकटवलेला होता. सवयीने त्याचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तो वाचू लागला.

"सहलीचा बेत. आम्ही पंधरा तारखेला सकाळी सातला निघू. पाणी माणशी तीन बाटल्या, रोजच्या सहा. परतीचे नंतर कळवू."

खाली लाल अक्षरांत, त्याच्याच सहीनिशी, लिहिलेलं होतं: "तपासले. आता एकही चूक नाही."