उंबऱ्यावरची हाक

“नाव घ्या, कमलम्मा!” रामहरी खुर्चीतूनच ओरडला.

तालमीचा पाचवा दिवस होता आणि दुसरा अंक पाचव्यांदा तिथंच अडला होता.

नाटक रामहरीनं लिहिलं होतं. दोन अंकभर बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. भांडण चढत जातं, तसा तिचा आवाज खाली येतो. शेवटी तो तिला घराबाहेर काढतो. तेव्हा उंबऱ्यावर थांबून ती त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारते, “चन्नप्पा!” त्या एका हाकेसाठी सगळं रचलेलं होतं.

चूक लिहितानाच झाली होती. कमलम्माचा खरा नवरा कंपनीत पेटी वाजवायचा. सगळे त्याला पेटीवाले म्हणत. त्याचंही नाव चन्नप्पाच, हे रामहरीच्या ध्यानात आलं नव्हतं. आता शुक्रवार पेठेत त्या नावासकट नाटकाच्या जाहिराती चिकटल्या होत्या, नाव बदलायची सोय उरली नव्हती.

“रविवारी नाव आलं नाही, तर सोमवारपासून तुमचं काम धुळा करील,” रामहरीनं बजावलं.

“लुगडं धुऊनच ठेवलंय की,” धुळा विंगेतून म्हणाला. कमलम्मा येण्याआधी बायकांची कामं तोच करायचा. पेटीवाल्यानं मान वर केली नाही.

रविवारी दुपारचा खेळ गच्च भरला. कमलम्मा उंबऱ्यावर आली. वळली. तोंड उघडलं. शब्द फुटेना. बायकांच्या बाजूची चुळबुळ थांबली. ही आता काय करणार, ते तिथं प्रत्येकीला कळलं होतं.

“नगं गं बाई, नाव नगं घिऊ!” एक म्हातारी ओरडली.

कमलम्मानं ओठ मिटले आणि ती निघून गेली. पडदा पडला. मग टाळ्या थांबेनात.

रामहरी आत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. “उपकार झाले, बाई. हाक मारली असती तर एवढं झालं नसतं. काम तुमचंच. नवऱ्याचं नाव जिभेवर येत नाही, त्यात मी उगाच जबरदस्ती केली.”

“येतंय की,” कमलम्मा म्हणाली. “उपकार तुमचेच. ह्या नाटकापायी रोज घरी यांच्याम्होरं बसून पाठ केलं. पयल्यांदा लई लाजले. यांनी पेटी बाजूला ठिवून ऐकलं. बारा वर्सांत कवा न्हाई ते.”

“मग आज का अडलात?”

“तितं समोर दुसराच माणूस हुता, रामहरीभाऊ. त्याला यांचं नाव कसं देऊ?”